जिनिंगचं बेअरिंग जळण्याआधी काय सांगतं? समजून घ्या कंपन मोजणाऱ्या सेन्सरचं काम

पारोळा म्हटलं की लोकांना भुईकोट किल्ला आठवतो, बालाजीचा रथ आठवतो. पण दिवाळीनंतर या भागातल्या एखाद्या जिनिंगवर गेलात, तर गेटबाहेर कापसाच्या गाड्या उभ्या दिसतील. आत कापसातून सरकी वेगळी होते आणि रुईच्या 170 किलोच्या गाठी बांधल्या जातात.

हा सगळा पसारा फिरतो तळहातावर मावणाऱ्या बेअरिंगवर.

ऐन हंगामात ते बेअरिंग गेलं, तर मशीन बंद, मजूर बसून आणि शेतकऱ्याची गाडी दारात अडकलेली. त्याहून मोठी भीती आगीची. जिनिंगमध्ये रुईची तूस सगळीकडे उडते आणि तापलेल्या बेअरिंगवरही बसते. तिथून पेट घ्यायला फार वेळ लागत नाही. गाठीत शिरलेली आग तर आतल्या आत धुमसत राहते, बाहेरून पत्ताही लागत नाही.

मग हे आधी कळू शकतं का? तर हो.

बेअरिंग सहसा एका क्षणात जात नाही. ग्रीस कमी पडतं किंवा आत धूळ जाते. मग छऱ्यांच्या वाटेवर बारीक खड्डा पडतो. प्रत्येक छरा त्यावरून जाताना अगदी लहान ठोका बसतो. सुरुवातीला हा आवाज माणसाच्या कानाला ऐकूच येत नाही. पुढे कंपन वाढतं. त्यानंतर खरखर ऐकू येते, मग बेअरिंग तापतं आणि शेवटी धूर निघतो.

जुने फिटर स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवतात आणि मूठ कानाला लावतात. ही पद्धत खरोखर कामाची आहे. पण फिटर दिवसातून एक-दोनदा ऐकणार. तिथेच बसवलेला कंपन-सेन्सर दिवसरात्र ऐकतो, आणि कानाला न ऐकू येणारंही टिपतो.

सेन्सरला बिघाड नेमका कसा कळतो?

समजा, पंखा थेट मोटरला जोडलाय आणि मोटर मिनिटाला 1440 फेरे घेते. म्हणजे सेकंदाला 24. पंख्याच्या एका पात्यावर तूस साचून तोल गेला, तर सेकंदाला 24 वेळा हादरा बसतो. मोटर आणि पंख्याचे शाफ्ट एका रेषेत नसतील, तर बऱ्याचदा त्याच्या दुप्पट, म्हणजे 48 चा हादरा ठळक दिसतो. बेअरिंगमधल्या खड्ड्याचे ठोके याहून वेगळ्या, बहुधा जास्त वेगाने पडतात. म्हणजे हादऱ्यांच्या वेगावरून दुखणं कुठे आहे, याचा अंदाज येतो.

किती हादरा म्हणजे जास्त? जुन्या आंतरराष्ट्रीय मानकाचा ढोबळ हिशेब असा : 20 ते 100 हॉर्सपॉवरच्या मशीनला सेकंदाला 2.8 मिलिमीटरपर्यंत कंपन चालतं. 7.1 च्या वर गेलं, तर धोका.

पण जिनिंगमध्ये फक्त या आकड्यांवर विसंबून चालत नाही. डबल रोलर जिनची सुरी सतत खालीवर हलत असते, त्यामुळे चांगलं मशीनही थरथरतंच. म्हणून मशीन ठणठणीत असतानाची नोंद आधी घ्यायची आणि पुढचं प्रत्येक माप तिच्याशी ताडून बघायचं. काल 2 होतं, आज 4 झालं, तर आकडा मर्यादेत असला तरी विचारायचं, का?

हे फक्त मोठ्या कारखान्यांसाठी आहे का?

भुसावळजवळच्या दीपनगर वीज केंद्रात 500 मेगावॅटचे संच आहेत. अशा संचाचं टर्बाइन मिनिटाला 3000 फेरे घेतं. तिथे बेअरिंगचं कंपन सतत मोजलं जातं आणि ते हद्दीबाहेर गेलं की टर्बाइन आपोआप बंद होतं. तिथे माणसाला विचारत बसण्याएवढी सवडच नसते.

जिनिंगला एवढा मोठा थाट लागत नाही. बंद पडलं की सगळं काम थांबतं, अशी मशीन आधी शोधायची : रुई ओढणारा मुख्य पंखा, प्रेसचा पंप, मोठ्या मोटरी. त्यांना कंपन आणि तापमान मोजणारा सेन्सर लावायचा. सेन्सर बेअरिंगच्या घरावर घट्ट बसवायचा. पत्र्याच्या झाकणावर लावला, तर तो पत्र्याचाच थरथराट मोजत बसेल. त्यावरची तूसही रोज झाडायची, नाहीतर उष्णता कोंडून तापमानाचा आकडा फसवतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सेन्सर काहीच दुरुस्त करत नाही, तो फक्त वेळ मिळवून देतो. बिघाड लवकर कळला, तर कधीकधी काही आठवडे हातात असतात. तेवढ्यात नवं बेअरिंग मागवता येतं आणि काम कमी असेल त्या दिवशी बदलता येतं.

पण रात्री दोनला मोबाइलवर इशारा आला आणि पाळीवरच्या माणसाला मालकाला विचारल्याशिवाय मशीन बंद करायची मुभाच नसेल, तर त्या सेन्सरचा उपयोग शून्य. म्हणून सेन्सर विकत घेण्याआधी एक गोष्ट ठरवा : इशारा आला की मशीन कोण बंद करणार? त्याचं नाव भिंतीवर लिहून ठेवा.