ब्लॉट म्हणजे डाग की टिपणं?

पीएचडीच्या एका मुलाखतीत मला विचारलं होतं, "वेस्टर्न ब्लॉटमधल्या ब्लॉट या शब्दाचा अर्थ काय?" एमएस्सीला मी हा प्रयोग दोनदा केला होता, पायऱ्या तोंडपाठ होत्या. पण शब्दावर अडकले. डिक्शनरीतला अर्थ आठवला आणि म्हणाले, "डाग." सर म्हणाले, "रंग दिला तर जेलवरही पट्टे दिसतात. मग पुढचा खटाटोप कशाला?" मी गप्प. तिथे माझी निवड झाली नाही. तुमचं असं होऊ नये म्हणून आज हा एकच शब्द नीट बघू.

ब्लॉट हा शब्द मुळात शाईशी जोडलेला आहे आणि गंमत म्हणजे त्याचे दोन अर्थ जवळजवळ उलटे आहेत. नाम म्हणून वापरला तर कागदावर सांडलेल्या शाईचा डाग. त्यावरूनच चारित्र्यावरच्या कलंकालाही ब्लॉट म्हणतात. क्रियापद म्हणून मात्र डाग पाडणं हा एक अर्थ झाला, आणि जास्तीची शाई शोषून घेणं हा दुसरा. शाई वाळवायचा ब्लॉटिंग पेपर म्हणजे आपला टीपकागद. ब्लॉट आउट म्हटलं की झाकून टाकणं किंवा पुसून टाकणं.

प्रयोगशाळेत उपयोगी पडतो तो शोषून घेण्याचा अर्थ, म्हणजे मराठीतलं 'टिपणं'. ओल्या अक्षरांवर टीपकागद दाबला की अक्षरं त्यावर उमटतात. उलटी दिसतात, पण ओळींची जागा आणि क्रम तोच राहतो. ब्लॉटिंगचं तत्त्व हेच आहे.

एडविन सदर्न यांनी १९७५ मध्ये डीएनएसाठी ही पद्धत प्रसिद्ध केली. जेलमध्ये डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे होतात. पण जेल मऊ असतं, सहज फाटतं आणि हवा तो तुकडा शोधणारा प्रोब त्यात नीट शिरत नाही. म्हणून जेलवर नायट्रोसेल्युलोजचा पातळ पडदा ठेवायचा आणि त्यावर कोरड्या कागदांची चळत. कागद खालचं क्षारद्रावण वर ओढतात, त्याबरोबर डीएनए वर येतो आणि पडद्यावर अडकतो. अक्षरशः टिपला जातो! सरांच्या प्रश्नाचं उत्तर हे होतं.

सदर्न हे आडनाव, पण त्याचा अर्थ 'दक्षिणेचा'. त्यावर कोटी करत आरएनएच्या पद्धतीला नॉर्दर्न आणि प्रथिनांच्या पद्धतीला वेस्टर्न म्हणू लागले. वेस्टर्न हे नाव १९८१ मध्ये नील बर्नेट यांनी दिलं. म्हणूनच इंग्रजीत लिहिताना सदर्नचं पहिलं अक्षर नेहमी कॅपिटल, बाकी दोघांचं बहुतेक ठिकाणी स्मॉल. थिसिसमध्ये ही चूक हमखास होते. आज वेस्टर्नमध्ये प्रथिनं बहुधा विजेच्या प्रवाहाने पडद्यावर नेतात, कागदाच्या शोषणाने नाही. काम बदललं, नाव तेच राहिलं.

आता शब्दाचा पहिला अर्थ, डाग. तोही विसरू नका. एलिझाबेथ बिक आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये २०,६२१ शोधनिबंधांतल्या प्रतिमा तपासल्या. त्यात वेस्टर्न ब्लॉट भरपूर होते. सुमारे ३.८ टक्के निबंधांत प्रतिमा अयोग्य रीतीने पुन्हा वापरलेल्या आढळल्या. एकच पट्टा दोन प्रयोगांत, कधी फिरवून, कधी उलटा करून.

तेव्हा मूळ, न कापलेली प्रतिमा तारखेसह जपून ठेवा. पट्टा फिका आला तर फिकाच दाखवा, नाहीतर प्रयोग पुन्हा करा. टीपकागद स्वतः काही लिहीत नाही. समोर जे आहे तेवढंच टिपतो. आपणही तेवढंच करायचं. नाहीतर ब्लॉटचा दुसरा अर्थ आपल्या नावाला चिकटतो, आणि तो टिपून घेईल असा कागद मिळत नाही.