ओहोटीची वेळ आणि खडपाची सहल

खरिपाची कामे उरकली की घाटावरील अनेक शेतकरी मंडळे कोकणात सहलीस जातात. मालवणास पोहोचल्यावर सिंधुदुर्ग किल्ला पाहिला जातो. परंतु त्याच समुद्रात ओहोटीस उघडे पडणारे खडप आणि त्यातील पाण्याची कुंडे फार थोड्यांच्या दृष्टीस पडतात. सहलीचा दिवस मंडळाच्या सोयीने ठरतो, समुद्राच्या तिथीने नव्हे, हेच त्याचे कारण होय.

भरती दिवसातून दोनदा येते आणि दररोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते. किनाऱ्यावरील जुना ठोकताळा असा की, तिथीची पाऊणपट करावी. येणाऱ्या आकड्याच्या सुमारास पूर्ण भरती असते. तृतीयेस भरती सव्वादोनला, तर ओहोटीचा तळ त्याआधी सहा तास, म्हणजे सकाळी आठच्या सुमारास. शुक्ल व कृष्ण या दोन्ही पक्षांस हा हिशेब सारखाच लागू आहे. मुहूर्तासाठी पंचांग उघडणाऱ्यांनी ते या कामासाठीही एकदा उघडावे. मात्र ठोकताळ्यात पाऊण-एक तासाचा फरक पडू शकतो. म्हणून भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तालिकेशी तो ताडून पाहावा.

अष्टमीच्या आसपास भांग असते. त्या दिवसांत पाणी थोडेच चढते व थोडेच उतरते. खडप पुरते उघडे पडत नाही. पौर्णिमा व अमावास्येस उधाण असते खरे, पण तेव्हा ओहोटी पहाटे आणि सायंकाळी येते. याकरिता द्वितीया-तृतीया उत्तम. उधाणाचा जोर टिकलेला असतो, ओहोटी सकाळच्या उजेडात मिळते आणि दुपारचा समुद्रवारा सुटलेला नसतो. पावसाळ्यात ही सहल योजूच नये.

खडपापर्यंत जाण्यास उलांडीची होडी सोयीची. होडीच्या एका बाजूस दोन दांड्यांनी जोडलेला हलका ओंडका म्हणजे उलांडी. तिच्यामुळे होडी सहसा कलंडत नाही आणि उथळ पाण्यातही चालते. माणसे किती घ्यावयाची हे तांडेल ठरवील, त्याच्याशी घासाघीस करू नये. प्रत्येकास तरंगजाकीट असावे. होडी खडपास टेकवून ठेवावयाची नसते, कारण ओहोटीत ती कोरडी पडल्यास हलविता येत नाही. ती तरंगतच उभी करावी लागते.

तळाच्या तासभर आधी खडपावर पोहोचावे. कुंडांत समुद्रफुले, शंखात राहणारे खेकडे, समुद्रसाळू, लहान मासे आणि पोवळी दिसतात. पोवळे हा दगड नसून जिवंत प्राण्यांची वसाहत आहे. गोलसर पोवळी वर्षाकाठी सुमारे एक सेंटीमीटर, पुष्कळदा त्याहूनही कमी वाढतात. म्हणजे एका पावलाखाली काही वर्षांची वाढ चिरडली जाते. रोपवाटिकेत कोणी वाफ्यावर पाय देत नाही, तोच संयम येथे पाळावा. उघड्या खडकावरूनच चालावे, दगड उलटवू नये, शंख उचलू नये. काही शंकूच्या आकाराचे शंख विषारी दंश करतात. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले असून, पोवळ्यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. कोठे उतरता येईल हे वनखात्याच्या कार्यालयात आधीच विचारून घ्यावे. खडपावर कालवे काढणाऱ्या बायका दिसल्यास त्यांच्या वाटेत उभे राहू नये. ओहोटीचे तेवढेच तास त्यांच्या कमाईचे असतात.

परतीविषयी विशेष दक्षता हवी. पाणी सुरुवातीस अगदी सावकाश चढते. पहिल्या तासात एकूण चढाचा जेमतेम बारावा भाग, दुसऱ्या तासात सहावा. परंतु तिसऱ्या व चौथ्या तासांत मिळून निम्मा चढ होतो. घाटावरचा माणूस पहिल्या तासाच्या संथपणावर विसंबतो आणि मागचा सखल खडक केव्हा बुडाला हे त्यास कळत नाही. पाणी समोरूनच येते असेही नाही. ते बाजूच्या चिरांतून पाठीमागे शिरते. ग्रामसेवकाने होडीत चढतानाच माणसे मोजावीत, घड्याळ पाहावे आणि तळानंतर अर्ध्या तासात सर्वांस पुन्हा मोजून होडीत बसवावे. तांडेलाने त्याआधी हाक दिली तर त्याचेच ऐकावे.