गव्हाशी काडीमोड

गहू हे आमच्या पिढीने पाहिलेल्या सुबत्तेचे माप आहे. माझ्या लहानपणी गावात रोजची भाकरी ज्वारीची. पोळी सणाला, नाहीतर जावई आला तर. १९७२ च्या दुष्काळात रेशनवरची लाल मिलो खाल्लेल्या मुलाला मऊसूत पोळी म्हणजे काय वाटत असे, ते आजच्या नातवंडांना सांगून कळायचे नाही. पुढे हरितक्रांतीचा गहू घरोघर आला, मी बँकेत लागलो आणि भाकरी मागे पडली. डब्यात भाकरी नेणे जरा कमीपणाचेच होते.

त्याच गव्हाशी वयाच्या बावन्नाव्या वर्षी मला काडीमोड घ्यावा लागला.

पोटाची फारशी तक्रार नव्हती. थकवा होता आणि हिमोग्लोबिन आठावर आले होते. लोहाच्या गोळ्यांचा भरणा महिनोन्महिने चालू होता, पण खात्यावरची शिल्लक काही वाढेना. दोन डॉक्टरांनी कामाच्या ताणाला दोष दिला. तिसऱ्याने रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी सांगितली, मग दुर्बिणीतून लहान आतड्याचा तुकडा काढून पाहिला, आणि आजाराचे नाव कळले : सीलिअ‍ॅक.

गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. कणीक चिवट होते, पोळी न तुटता लाटली जाते, ती त्याचीच करामत. ज्यांच्यात जन्मतः तशी प्रवृत्ती असते, त्यांच्यापैकी काहींचे शरीर ग्लुटेनमुळे बिथरते आणि स्वतःच्याच आतड्यावर हल्ला चढवते. आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते. अन्नातले लोह, कॅल्शियम तिच्यातूनच शोषले जाते. ती झिजून सपाट होते. भरणा करायला माणूस रोज येतो आहे, पण खिडकीवर कॅशियरच नाही, असा हा प्रकार!

हा संबंध सिद्ध केला तो डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी. पावाचा संशय त्यांना आधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली, पाव दुर्मिळ झाला. आणि सारा देश खंगत असताना या रोगाची मुले सुधारली. १९५० साली डिके यांचा प्रबंध आला. इलाज आजही तोच : ग्लुटेन आयुष्यभर वर्ज्य.

हे वाचून कोणी उद्यापासून पोळी सोडू नये. गहू न सोसणारे सगळेच सीलिअ‍ॅकचे रुग्ण नसतात. कोणाला गव्हाची अ‍ॅलर्जी असते, कोणाला गव्हातल्या विशिष्ट कर्बोदकांनी पोट फुगते, आणि कोणाचा खरा वैरी दुधातली साखर असते. शिवाय गहू आधीच सोडला तर तपासण्या खोटा दिलासा देऊ शकतात. आधी तपासणी, मग पथ्य. हा क्रम मोडू नये.

पथ्य म्हणजे नुसती पोळी सोडणे नव्हे, हे हळूहळू कळत गेले. बाजारातल्या बांधणीच्या हिंगात बहुधा मैदा असतो. सोया सॉसमध्ये गहू असतो. आणि आपली पिठाची गिरणी! आधी कोणाचा गहू दळला, त्यावर माझी ज्वारी टाकली, की भाकरीत गहू आलाच. ‘ग्लुटेन-मुक्त’ म्हणून विकायच्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नसावे, असा आपल्याकडे नियम आहे; यावरून चिमूटभर पिठाचे महत्त्व ध्यानात यावे. आमच्याकडे घरघंटी आली, परात-तवा वेगळा झाला. सगळ्यांत अवघड गेला तो सत्यनारायणाचा प्रसाद. रव्याचा शिरा नाकारला की माणूस एकतर नास्तिक ठरतो, नाहीतर शिष्ट.

रोग रक्ताच्या नात्यात असू शकतो, म्हणून डॉक्टरांनी भावंडांनाही तपासून घ्यायला सांगितले. गावी असलेल्या आक्काचे मनगट साध्या घसरण्याने मोडले होते. ‘वयाची हाडं,’ म्हणून सगळ्यांनी सोडून दिले होते. तपासणीत तिलाही हाच आजार निघाला. मी सुटलो असे मला वाटले. आता तिला कारण कळले, ती बरी होईल. आक्का मात्र म्हणाली, “अरे, दहा माणसांच्या पोळ्या लाटून झाल्यावर माझ्या एकटीसाठी कुठं भाकरी थापत बसू?”

माझ्या पथ्यासाठी घरात घरघंटी आली होती. आक्काने मात्र जन्मभर उरलेल्यातून जेवायची सवय लावून घेतलेली. औषध फुकट होते, तिच्याच कोठीत ज्वारीच्या रूपाने पडून होते. पण ते घ्यायचे तर स्वतःसाठी काही मागावे लागणार होते. ते तिला कोणी शिकवलेच नव्हते.

मार्ग तिच्या सुनेने काढला. “आई, रात्री सगळ्यांनाच भाकरी,” तिने जाहीर केले, आणि तुमची सकाळची भाकरी मीच थापीन, असेही सांगून टाकले. पहिले चार दिवस नातवंडांनी तोंडे वेडीवाकडी केली. आता ठेचा कमी पडतो म्हणून भांडतात. गेल्या खेपेला गेलो तेव्हा आक्का पंगतीत सगळ्यांबरोबर बसली होती, आणि तिने दुसरी भाकरी मागून घेतली.