लॉक नट घट्ट राहतो तो कशामुळे?

नटाच्या तोंडाशी नायलॉनची रिंग दिसली, म्हणजे तो नायलॉक असला, की गॅरेजमध्ये निर्धास्तपणे सांगतात, ‘लॉक नट आहे, सुटणार नाही.’ नट सहसा गळून पडत नाही, हे खरं. पण सस्पेन्शनचा लोअर आर्म गाडीच्या सबफ्रेमला आवळून धरणं हे त्या रिंगचं काम नव्हेच, ते बोल्टचं. नट आवळताना बोल्ट किंचित ताणला जातो आणि पुन्हा आखडू पाहताना दोन्ही भाग एकमेकांवर दाबून ठेवतो.

‘हादऱ्यांनी नट सुटतो’ हेही अर्धंच खरं. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने 1969 मध्ये दाखवून दिलं, की खरा घात आडव्या हालचालीने होतो. ताण कमी पडून भाग एकमेकांवर घसरू लागले, की नटाला अडवणारं घर्षण जवळपास संपतं आणि तो स्वतःच उलटा फिरतो. ब्रेक, वळण, खड्डा: सस्पेन्शनला आडवे झटके सतत बसतात. अशा वेळी नायलॉकचाही ताण उतरतो, फक्त रिंग आट्यांना चिकटून असल्याने नट बोल्टवर राहतो. स्प्रिंग वॉशर तर पूर्ण आवळल्यावर सपाट होतो. मग तो साधाच वॉशर.

टॉर्क रेंचने लावलेल्या जोरापैकी ढोबळमानाने 10 टक्केच ताणात जातो, बाकीचा घर्षण खातं. म्हणून आट्यांना ‘जरा ऑइल’ लावून तोच टॉर्क दिला तर बोल्ट भलताच ताणला जातो.

जुना नायलॉक परत वापरला तर रिंगची पकड कमी झालेली असते. हाताने सरसर फिरणारा तर फेकूनच द्यावा. साधारण 120 अंश सेल्सिअसपुढे नायलॉन टिकत नाही, त्यामुळे सायलेन्सरच्या पाइपाजवळ माथा किंचित चेपलेले, पूर्ण धातूचे लॉक नट असतात.

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज मात्र वेगळाच: गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळती, आणि इम्पॅक्ट गनने आर्मचे बोल्ट फुल टाइट! आर्मच्या टोकाला असलेल्या रबरी बुशची आतली नळी त्याच अवस्थेत पकडली जाते. गाडी खाली आली की रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. मग शिव्या खातो बुश बनवणारा. अशा बुशचे बोल्ट लिफ्टवर नुसते बसते करावेत, शेवटचा टॉर्क गाडीचं वजन चाकांवर आल्यावर द्यावा.