पराभव आणि भाषा : सासानी साम्राज्याच्या पतनानंतरची फारशी

इ. स. ६३६ च्या सुमारास कादिसिया येथे व ६४२ मध्ये निहावंद येथे सासानी सैन्याचा अरबांकडून निर्णायक पराभव झाला. ६५१ मध्ये शेवटचा सम्राट तिसरा यज्दगर्द हा मर्वजवळ मारला गेला आणि चार शतके टिकलेले एक साम्राज्य लयास गेले. याच काळात सीरिया व ईजिप्त हे देशही अरबांच्या अमलाखाली आले. तेथील अरामी व कॉप्टिक या भाषा पुढील काही शतकांत मागे हटत गेल्या व अरबी ही त्या देशांची लोकभाषा झाली. इराणने धर्म स्वीकारला, लिपी स्वीकारली, हजारो शब्द स्वीकारले; भाषा मात्र सोडली नाही. असे का झाले, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या प्रश्नाचे जे उत्तर सामान्यतः दिले जाते ते असे की, फिर्दौसीने 'शाहनामा' लिहून फारशी वाचविली. हे उत्तर गौरवाचे आहे, परंतु कालक्रमाच्या कसोटीस ते उतरत नाही. 'शाहनामा' पूर्ण झाला तो १०१० मध्ये, म्हणजे यज्दगर्दाच्या मृत्यूनंतर सुमारे साडेतीनशे वर्षांनी. जी भाषा मधल्या काळात जिवंत राहिली नसती, तिच्यात पन्नास हजारांच्या आसपास द्विपद्यांचे महाकाव्य लिहिणे व ते लोकांनी मुखोद्गत करणे या दोन्ही गोष्टी अशक्य ठरल्या असत्या. तेव्हा खरा शोध या साडेतीन शतकांचाच घ्यावयास हवा.

प्रथम, पराभवाने काय नष्ट झाले हे नीट पाहिले पाहिजे. सासानी काळची राजभाषा पहलवी. तिची लिपी अरामीपासून निघालेली असून तिच्यात अक्षरे थोडी व ध्वनी अधिक, अशी स्थिती होती. शिवाय तिच्यात एक विलक्षण प्रघात होता : कित्येक शब्द अरामी रूपात लिहावयाचे आणि इराणी रूपात वाचावयाचे. लेखनिक 'बिस्रा' लिही व वाचताना 'गोश्त' म्हणे; 'लह्मा' लिही व 'नान' म्हणे. अशी लिपी चालविण्यास शिकलेल्या कारकुनांचा पिढीजात वर्ग लागतो. अरबांनी आरंभी हा वर्ग व त्याची दप्तरे जशीच्या तशी ठेवली. परंतु सातव्या शतकाच्या अखेरीस, खलीफा अब्द अल्-मलिक याच्या कारकीर्दीत, इराकचा सुभेदार हज्जाज याने महसुलाचे दप्तर अरबीत नेले. हे काम करणारा सालिह हा स्वतः इराणी वंशाचा होता. बलाझुरी हा इतिहासकार सांगतो की, त्याने 'हे मला साधत नाही' असे म्हणावे यासाठी पूर्वीच्या दप्तरप्रमुखाच्या मुलाने त्यास एक लाख दिरहम देऊ केले होते. त्याने ते नाकारले. खुरासानात हाच बदल ७४२ च्या सुमारास झाला. दप्तर गेले, त्याबरोबर पहलवी लिपीचे व्यावहारिक प्रयोजन संपले. पुढे ती झरतुष्ट्री धर्मगुरूंपाशी राहिली. 'दीनकर्द'सारखे ग्रंथ आज उपलब्ध आहेत ते त्यांनी, आणि पुढे गुजरात व मुंबईतील पारशी दस्तुरांनीही, नकला करून पोथ्या जपल्या म्हणूनच.

तात्पर्य, नष्ट झाली ती एक लेखनपद्धती व तिच्यावर जगणारा एक वर्ग, बोली नव्हे. या बोलीस आठव्या शतकात 'दरी' हे नाव होते. 'दर' म्हणजे द्वार, त्यावरून राजद्वार अथवा दरबार. तेव्हा दरी ही मुळात राजधानीतील बोलण्याची भाषा होय. संस्कृत 'द्वार' व मराठी 'दार' यांशी या 'दर'चे नाते उघड आहे. दरीचे व्याकरण पाहता आणखी एक गैरसमज दूर होतो. फारशीतील लिंगभेद व विभक्तिप्रत्यय अरबी आक्रमणाच्या धक्क्याने गळाले, असे कधी कधी म्हटले जाते. परंतु दारयवहूच्या बेहिस्तून येथील शिलालेखात (ख्रि. पू. सुमारे ५२०) दिसणारी विभक्तिरूपे पहलवीतच बहुतांशी लोपली होती. ज्या 'क्षायथिय' शब्दाचा 'शाह' झाला, तोही अरब येण्यापूर्वीच. भाषेची घडण रणांगणावर बदलली नव्हती.

आता सर्वांत महत्त्वाचा व काहीसा विरोधाभासाचा मुद्दा. फारशीचा विस्तार तिच्या जेत्यांच्याच सैन्याने केला. खुरासान व त्यापलीकडचा अमू नदीचा प्रदेश जिंकताना अरब सेनापतींबरोबर नवमुस्लिम इराणी फार मोठ्या संख्येने होते. कुतैबा बिन मुस्लिम याने ७१२ मध्ये समरकंद घेतले. त्या प्रांताची भाषा तोवर सोग्दी होती. अरबी ही प्रार्थनेची व शास्त्रांची भाषा झाली, पण छावणीत, बाजारात आणि नवदीक्षितांच्या शिकवणुकीत जी परस्परांस समजे ती दरी होती. सोग्दी व बाख्त्री या भाषांना तिने हळूहळू बाजूस सारले. आज सोग्दीची एक वंशज बोली, याघ्नोबी, ताजिकिस्तानच्या डोंगराळ भागात तेवढी उरली आहे. एका भाषेच्या रक्षणाच्या कथेत दुसऱ्या भाषांचे मरण असे दडलेले असते, हे अभ्यासकाने विसरू नये.

यावरून नवे फारशी साहित्य जुन्या पार्स प्रांतात न उगवता पूर्वेस का उगवले, याचा उलगडा होतो. बगदाद दूर होते आणि स्थानिक राजे अरबीत मुरलेले नव्हते. सीस्तानचा याकूब बिन लैस हा मूळचा तांबटकाम करणारा. आपली स्तुती न समजणाऱ्या अरबी भाषेत कशाला करता, असे त्याने विचारल्यावरून त्याच्या चिटणिसाने फारशीत कवन रचले, असे 'तारीख-इ-सीस्तान' सांगते. बुखाऱ्याच्या सामानी राजांनी या प्रवृत्तीस आश्रय दिला. रूदकी (मृत्यू ९४१) त्यांच्याच दरबारी होता. ९६३ मध्ये वजीर बलअमी याने तबरीच्या अरबी इतिहासाचे फारशी रूपांतर आरंभिले. तूस येथील फिर्दौसी हा या परंपरेचा कळस आहे, पाया नव्हे.

त्याचे महत्त्व मात्र यामुळे उणावत नाही. 'शाहनामा'त युद्धे पानोपानी आहेत; परंतु ग्रंथाच्या अखेरच्या भागात विजय नसून कादिसियाचा पराभव आहे. तेथील सेनापती रुस्तम, पौराणिक वीराचाच नामधारी, लढाईपूर्वी आपल्या भावास पत्र लिहितो व येणारा विनाश त्यात सांगतो. कवी स्वतः श्रद्धावान मुसलमान आहे; तरी शोक पराजितांचा करतो. धर्म जेत्यांचा आणि स्मृती जितांची, ही दोन्ही एका मनात नांदू शकली, त्याचे कारण ती स्मृती वाहणारी भाषा शाबूत होती. त्याच्या काव्यात अरबी शब्द मुळीच नाहीत हा समज चुकीचा आहे. ते आहेत, पण थोडे आहेत.

पुढे १२२०-२१ मध्ये मंगोलांनी बुखारा व निशापूर उद्ध्वस्त केले, १२५८ मध्ये बगदाद पडले. त्याच १२५८ साली शिराझ येथे सादीने 'गुलिस्ताँ' पुरे केले. तोवर फारशीस कोणा एका राज्याचा आधार लागत नव्हता.

मराठी वाचकास या इतिहासाची खूण आपल्या बोलण्यातच सापडते. अरबीत 'प' हा वर्ण नाही, म्हणून 'पार्स'चे 'फार्स' झाले. मराठीने लोकांस 'पारशी' व भाषेस 'फारशी' म्हणून ही दोन्ही रूपे ठेविली आहेत. 'हुकूम', 'अर्ज', 'वकील' हे मुळात अरबी शब्द आपणांस फारशीच्या हातून मिळाले. फारशीने अरबी नामास स्वतःचे 'कर्दन' हे क्रियापद जोडून 'हुक्म कर्दन' केले. मराठीने तेच नाम घेऊन 'हुकूम करणे' केले. छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून झालेला 'राज्यव्यवहारकोश' दरबारी शब्दांस संस्कृत पर्याय देऊ लागला, तेव्हाही मराठीचे व्याकरण अबाधितच होते. शब्द उसने घेतल्याने भाषा मरत नाही; ती मरते, ती घरात आणि बाजारात बोलेनाशी झाली म्हणजे. इराणच्या त्या मौनाचा हाच अर्थ आहे : ग्रंथ गप्प होते, माणसे बोलत होती.