आधी इम्प्लांट, मग पुरावा

1962 साली अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात थॉमस क्रोनिन आणि फ्रँक जेरो या शल्यविशारदांनी एका स्त्रीच्या शरीरात सिलिकॉन जेलचे पहिले स्तन-इम्प्लांट बसवले. रक्ताची प्लास्टिकची पिशवी हातात दाबताना जेरो यांना ही कल्पना सुचली, असे सांगतात. आधीची चाचणी एका कुत्रीवर झाली होती. याच इतिहासावर एचबीओने 1997 मध्ये ‘ब्रेस्ट मेन’ हा चित्रपट काढला. डेव्हिड श्विमर आणि ख्रिस कूपर यांनी रंगवलेल्या डॉक्टरांची नावे काल्पनिक आहेत. पण शोधाचा उत्साह, पैशाचा पूर आणि मग कोर्टकचेऱ्या, हा क्रम खराखुरा घडलेला आहे.

सिलिकॉन जेल सहसा कशाशी अभिक्रिया करत नाही, म्हणून ते निर्धोक मानले गेले. शरीर मात्र स्वस्थ बसत नाही. परकी वस्तू बाहेर टाकता आली नाही की ते तिच्याभोवती तंतुमय ऊतींचा कोश विणते. हा कोश आवळत गेला की स्तन कडक होतो, दुखतो, त्याचा आकार बिघडतो. इम्प्लांटच्या रबरी कवचातून जेल थोडे थोडे झिरपू शकते, कवच फाटूही शकते. फाटल्याचे बाहेरून पुष्कळदा कळत नाही. एमआरआयसारखी तपासणी केल्यावरच दिसते.

अमेरिकेत वैद्यकीय उपकरणांवर कडक कायदा आला 1976 मध्ये. आधीपासून बाजारात असलेली इम्प्लांट मात्र विकली जात राहिली. सुरक्षिततेचा पुरेसा पुरावा नाही म्हणून औषध प्रशासनाने 1992 मध्ये त्यांच्या वापरावर कडक मर्यादा घातल्या. हजारो दाव्यांखाली दबलेल्या डाऊ कॉर्निंग या इम्प्लांट बनवणाऱ्या कंपनीने 1995 मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. 1999 मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने उपलब्ध संशोधन तपासले. इम्प्लांटमुळे संधिवातासारखे सर्वांगीण आजार होतात, असा पुरावा तिला सापडला नाही; फाटणे, आवळणे, पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागणे हे त्रास मात्र खरे आणि वारंवार होणारे ठरले. 2006 मध्ये सिलिकॉन इम्प्लांटना पुन्हा परवानगी मिळाली, ती दीर्घकालीन अभ्यासाच्या अटीवर.

कोश आवळू नये म्हणून कंपन्यांनी खरखरीत पृष्ठभागाची इम्प्लांट आणली होती. त्याच पृष्ठभागाशी कोशात होणाऱ्या लिम्फोमा या दुर्मीळ प्रकारच्या कर्करोगाचा संबंध दिसून आला. अमेरिकी औषध प्रशासनाने 2011 मध्ये पहिला इशारा दिला आणि 2019 मध्ये अ‍ॅलर्गन कंपनीने आपली असली इम्प्लांट जगभरातून परत बोलावली. हा कर्करोग बहुधा अनेक वर्षांनी, सूज आणि साठलेल्या द्रवाच्या रूपात प्रकट होतो. वेळीच निदान झाले, तर इम्प्लांट आणि कोश काढून बहुतेक रुग्ण बरे होतात.

फ्रान्समधील पीआयपी कंपनीने तर सरळ फसवणूकच केली. ती परवानगी नसलेले औद्योगिक सिलिकॉन भरत होती, हे 2010 मध्ये उघड झाले. 2013 मध्ये तिच्या संस्थापकाला तुरुंगवासाची शिक्षा झाली.

कर्करोगात स्तन गमावलेल्या अनेक स्त्रियांना इम्प्लांटने आत्मविश्वास परत दिला आहे. म्हणूनच त्यामागचे विज्ञान अधिक चोख हवे. इम्प्लांट आयुष्यभर टिकत नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगायला हवे. रुग्णाने कंपनी, मॉडेल आणि अनुक्रमांक लिहिलेले कार्ड मागून घ्यावे, जपून ठेवावे. सूज, गाठ किंवा वेदना दिसताच तपासणी करून घ्यावी. उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा कार्यक्रम भारतात 2015 पासून आहे. तिथे प्रत्येक तक्रार पोहोचली, तरच पुढच्या स्त्रीला वेळेवर इशारा मिळेल.