‘येऊ नये’ आणि ‘येण्याची गरज नाही’



आई स्वयंपाकघरातून हाक मारते आणि मूल ओसरीवरून ओरडते, ‘आलो!’ ते अद्याप जागचे हललेलेही नसते, तरी त्याने भूतकाळ वापरलेला असतो. आपणांस त्यात काही वावगे वाटत नाही. तेच मूल इंग्रजीत ‘आय केम’ म्हणाले, तर ऐकणारा बुचकळ्यात पडेल. तेथे ‘आय ॲम कमिंग’ असेच म्हटले पाहिजे. नियम पाठ असूनही मराठीचा काळ जसाच्या तसा इंग्रजीत उतरतो, आणि आपल्या विद्यार्थ्यांची फसगत होते ती बहुधा येथेच.

‘मी काल पत्र पाठविले आहे’ हे मराठी शुद्ध आहे. परंतु ‘आय हॅव सेन्ट द लेटर येस्टर्डे’ हे इंग्रजी चुकीचे. ‘हॅव’ घेतलेल्या पूर्ण वर्तमानकाळाची नजर आजवर असते. ‘काल’, ‘गेल्या सोमवारी’, ‘1947 साली’ असा संपून गेलेला समय नेमून सांगितला की साधा भूतकाळच हवा: ‘आय सेन्ट द लेटर येस्टर्डे’. केव्हा ते न सांगता पत्र गेले आहे एवढेच कळवावयाचे असेल, तर ‘आय हॅव सेन्ट द लेटर’. याउलट ‘मी दहा वर्षे बेळगावात राहतो’ या वाक्यात मराठीला साधा वर्तमानकाळ पुरतो. इंग्रजीत मात्र ‘आय हॅव लिव्ड’ म्हणावे लागते. ‘फॉर’पुढे कालावधी येतो, ‘सिन्स’पुढे आरंभ: ‘फॉर टेन इयर्स’, ‘सिन्स 2015’.

कॅन, मे, मस्ट, शुड या साहाय्यक क्रियापदांचे बाह्य नियम एका तासात शिकवून होतात. पुढे मूळ क्रियापद, मध्ये ‘टु’ नाही, ‘ही’ वा ‘शी’ असले तरी ‘एस’ नाही. ‘ही कॅन स्विम’, झाले! खरी अडचण नकारात आहे, आणि ती मी पुस्तकातून शिकलो नाही.

मी नोकरीस नवा होतो. शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या तयारीस एक वृद्ध फादर येत असत. त्यांस मराठी अवगत नव्हते. त्यांचा दमा बळावला होता, म्हणून मी चिठ्ठी धाडली, ‘यू मस्ट नॉट कम टुमॉरो’. माझ्या मनात होते, ‘उद्या आपण येण्याची गरज नाही, आम्ही पाहून घेऊ’. चिठ्ठी सांगत होती, ‘उद्या येता कामा नये’. ते आले नाहीत; पुढे संमेलनासही आले नाहीत. महिन्याभराने मी भेटावयास गेलो, तेव्हा प्रार्थनेच्या पुस्तकातून ती चिठ्ठी काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवली आणि विचारले, ‘माझे काय चुकले?’

‘मस्ट’ म्हणजे ‘आलेच पाहिजे’. त्यास ‘नॉट’ जोडले की ‘आलेच पाहिजे असे नाही’ असा अर्थ होईल, अशी आपली समजूत. परंतु इंग्रजीत हा ‘नॉट’ बंधन सोडवीत नाही. न येण्याचेच बंधन घालतो. बंधन सोडवावयाचे तर ‘नीड नॉट’ किंवा ‘डोन्ट हॅव टु’ म्हणावे. तसेच या ‘मस्ट’ला स्वतःचा भूतकाळ नाही, ‘मला काल जावे लागले’ हे ‘आय हॅड टु गो’ असे सांगावे लागते.

1579 साली गोव्यास आलेल्या इंग्रज फादर थॉमस स्टीफन्स यांनी हीच वाट उलट दिशेने चालली. मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले आणि कोकणीचे व्याकरणही लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर 1640 साली छापले गेले. त्यांचाही ‘नको’ आणि ‘नये’ यांत कधी घोटाळा झाला असेल. हे ‘झाला असेल’ इंग्रजीत ‘मे हॅव’ने सांगावे. ‘झालाच असणार’ अशी खात्री असेल, तर पुन्हा ‘मस्ट हॅव’. पण येथे ‘मस्ट’ म्हणजे बंधन नव्हे, अनुमान.

सरावासाठी जाड पुस्तक नको. निजण्यापूर्वी मुलाने वहीत आपल्याच दिवसाची चार वाक्ये लिहावीत: काल काय केले, आजवर काय केले आहे, उद्या काय केलेच पाहिजे आणि काय करण्याची गरज नाही. ती त्याने मोठ्याने वाचावीत. चौथ्या वाक्यात ‘मस्ट नॉट’ ऐकू आले, तर तेवढे वाक्य त्याच्याकडून पुन्हा लिहवून घ्यावे.